प्रार्थनास्थळाची घरपट्टी माफ करून घ्यायचीय? मग आधी नकाशा रंगवा

देवाची जागा आहे म्हणजे टॅक्स माफच असणार असं धरून बरेच विश्वस्त अर्जात फक्त संस्थेचं नाव आणि "धार्मिक वापर" एवढंच लिहितात आणि मग अर्ज परत आला की हळहळतात. बहुतेक कायद्यांत सूट मिळते ती जागेच्या वापरावर, तीसुद्धा खोलीखोलीप्रमाणे.

म्हणून पहिलं काम, इमारतीचा नकाशा काढा आणि स्केचपेन घेऊन बसा. प्रार्थनेचा हॉल एका रंगात, ऑफिस दुसऱ्या, पुजारी किंवा पाद्री राहतात ती खोली तिसऱ्या, भाड्याने दिलेला गाळा असेल तर तो अगदी ठळक वेगळ्या रंगात, आणि प्रत्येक खोलीत क्षेत्रफळ लिहा. कंटाळवाणं काम आहे पण अर्ज यावरच उभा राहतो. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात कलम 143 नुसार फक्त सार्वजनिक पूजेसाठी वापरलेल्या भागाला सर्वसाधारण करातून (हा घरपट्टीतलाच एक भाग) सूट आहे, पण ज्या भागाचं भाडं येतं तो सुटत नाही, मग ते सगळंच्या सगळं भाडं धर्मकार्याला लावलं तरी! लोकांना हे पटत नाही, मलाही जड जातं, पण गाळा लपवू नका, तपासणीत दिसतोच आणि मग हॉलवरही शंका घेतात.

दुसरं म्हणजे "सार्वजनिक" हा शब्द. इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्यात सार्वजनिक उपासनेच्या जागेला सूट आहे, तरी प्रेस्टनच्या मॉर्मन टेंपलला (मॉर्मन हा एक ख्रिस्ती पंथ) ती मिळाली नाही कारण आत ठरावीक सदस्यांनाच प्रवेश होता, 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तेच कायम केलं. तेव्हा दारावर वेळापत्रक लावा, सगळ्यांना प्रवेश आहे हे त्यावर लिहा (अर्थात तसा खरंच असेल तर) आणि त्याचा फोटो अर्जाला जोडा.

सोबत ट्रस्टची नोंदणी, मालकीचा कागद, हिशेब, लाइटबिल. पाणी, कचरा यांचे आकार बऱ्याचदा वेगळे असतात, ते माफ होतील असं धरून भरायचे थांबवू नका, आणि हरकतीची मुदत बिलावर बघून लगेच कॅलेंडरवर टाका. अर्ज दिला की तारीख आणि शिक्क्यासकट पोच घ्या, त्याशिवाय खिडकी सोडू नका.