तात्पुरतं उघडलेलं ३३८९ आणि इतर घोळ: रिमोट डेस्कटॉप चालवताना या चुका टाळा

ऑफिसचा सर्व्हर क्लाउडवर गेला, घरून कनेक्ट होत नाही, सकाळपासून फोन वाजतायत. अशा वेळी नवशिका अ‍ॅडमिन फायरवॉलमध्ये ३३८९ पोर्ट (लांबच्या विंडोज मशीनचा पडदा आपल्याकडे आणणाऱ्या रिमोट डेस्कटॉपची नेहमीची वाट) उघडतो, सोर्सच्या रकान्यात ०.०.०.०/०, म्हणजे 'कोणताही पत्ता', टाकतो आणि 'उद्या नीट करू' म्हणतो. तो उद्या उजाडत नाही. लोकांचं काम सुरू झालेलं असतं, तक्रार कोणाचीच नसते, म्हणून नियम तसाच राहतो. रिमोट डेस्कटॉपमधले बहुतेक मोठे घोळ याच जातीचे असतात. अडचण खरी असते, तोडगा तात्पुरता असतो आणि तो काढायचं राहून जातं.

उघड्या ३३८९ वर काय चालतं हे पाहायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग उघडा आणि ४६२५ या क्रमांकाने गाळून घ्या. चुकलेल्या लॉगिनच्या रांगा दिसतील. अ‍ॅडमिन, टेस्ट, अकाउंट्स, स्कॅनर अशी नावं यंत्रं रात्रंदिवस लावून बघत असतात. त्यांना आळा म्हणून अकाउंट लॉकआउट लावलं, तर बाहेरच्या माऱ्यामुळे आपलीच माणसं लॉक होतात. मग कोणीतरी लॉकआउटच बंद करतं. म्हणजे एक आडवाट झाकायला दुसरी.

पोर्टचा नंबर बदलून ३३९० केला म्हणजे झालं, हा सल्ला कृपा करून देऊ नका. लॉगमधला गोंगाट थोडा कमी होतो, एवढंच. पूर्ण पोर्ट स्कॅन करणाऱ्याला नवा नंबरही सापडतो.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा) उभं करा, किंवा आरडी गेटवे, म्हणजे ४४३ पोर्टवर जोडणी घेऊन ती आत पोचवणारा मधला सर्व्हर, लावा. त्याला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा) जोडा आणि सर्टिफिकेट रीतसर घ्या. सेल्फ-साइन्ड, म्हणजे सर्व्हरने स्वतःच बनवलेलं, ठेवलं तर वापरणाऱ्यांना इशारा न वाचता 'येस' दाबायची सवय लागते. मग त्या नव्या वाटेने आतल्या आयपीवर लॉगिन होतंय का, हे किमान दोन वेगळ्या नेटवर्कवरून तपासा. त्यानंतरच ३३८९ चा बाहेरचा नियम डिलीट करा. नुसता डिसेबल केलेला नियम पुढच्या घाईत कोणीतरी परत चालू करतं. शेवटी 'रिमोट डेस्कटॉप यूझर्स' ग्रुप उघडून बघा. त्यात अख्खा 'डोमेन यूझर्स' (ऑफिसची सगळी खाती) टाकलेला असेल तर काढा आणि लागणारी माणसंच ठेवा.

दुसरी चूक एनएलए बंद करण्याची. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनमध्ये सर्व्हर आधी ओळख पटवतो आणि मगच सेशन उघडतो. नेमकं यामुळेच पासवर्डची मुदत संपलेल्या माणसाला तो बदलायची खिडकी दिसत नाही, थेट एरर येते. अधीर अ‍ॅडमिन नेट शोधतो, 'एनएलएची टिक काढा' असं वाचतो आणि काढून मोकळा होतो.

८ मे २०१८ च्या विंडोज अपडेटनंतर हेच मोठ्या प्रमाणावर झालं. एनएलएसाठी ओळख पोचवणाऱ्या क्रेडएसएसपीमधली त्रुटी मार्चमध्येच दुरुस्त केली होती. मेच्या अपडेटने जुन्या, न दुरुस्त केलेल्या सर्व्हरशी जोडणी डीफॉल्टनेच नाकारायला सुरुवात केली. लॅपटॉप अपडेट झाले, सर्व्हर मागे राहिले आणि 'एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन'चा उल्लेख असलेली एरर सगळीकडे झळकली. खरा उपाय होता सर्व्हरवर कन्सोलमधून, म्हणजे रिमोट डेस्कटॉपशिवाय, जाऊन अपडेट टाकायचा आणि रीस्टार्ट करायचा. त्याऐवजी कोणी लॅपटॉपवर पॉलिसी 'व्हल्नरेबल' (न दुरुस्त केलेल्या सर्व्हरशीही जोडू दे) केली, कोणी सर्व्हरवर एनएलए बंद केलं.

पुढच्याच वर्षी, १४ मे २०१९ ला, ब्लूकीप जाहीर झालं. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ सारख्या जुन्या आवृत्त्यांवर लॉगिन न करताच आत शिरता येईल अशी ही त्रुटी होती. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीही पॅच काढला. एनएलए चालू असेल तर हल्लेखोराला आधी चालणारं खातं लागत होतं. म्हणजे आदल्या वर्षी टिक काढून ठेवलेल्या जुन्या सर्व्हरवर हे एक कुंपणही उरलं नव्हतं.

मुदत संपलेल्या पासवर्डसाठी रिमोट डेस्कटॉपच्या ब्राउझर-पोर्टलमधलं, म्हणजे आरडी वेब अ‍ॅक्सेसमधलं पासवर्ड बदलायचं पान चालू करा. ते मुळात बंद असतं. डोमेनमधला लॅपटॉप असेल तर व्हीपीएन जोडून कंट्रोल-ऑल्ट-डिलीटमधून बदलता येतो. टू-फॅक्टर नीट लागलेलं असेल तर लांब पासवर्ड ठेवून मुदतच काढलेली चालेल, पण एनएलएला हात लावू नका.

लायसन्सचा घोळ उशिरा कळतो. सेशन होस्टचा रोल (एकाच सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायची सोय) टाकल्यावर लायसन्सशिवाय चालवायची १२० दिवसांची सवलत मिळते. तोवर सगळं सुरळीत चालतं आणि मग एका सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही. तेव्हा रिमोट डेस्कटॉपची देखभालीची कमांड 'एमएसटीएससी /अ‍ॅडमिन' वापरून आत जा आणि आरडी लायसन्सिंग डायग्नोझर उघडा. लायसन्स विकत घेतलेली असूनही मोड ('पर यूझर' की 'पर डिव्हाइस') किंवा लायसन्स सर्व्हरचं नाव भरलेलं नसतं, असं बरेचदा दिसतं. सर्व्हर २०१९ ची कॅल (माणसामागे किंवा डिव्हाइसमागे लागणारं लायसन्स) सर्व्हर २०२२ च्या होस्टला चालत नाही. सर्व्हर २०१९ पासून पुढे वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेन नसताना, 'पर यूझर' निवडलं तर सेशन ६० मिनिटांत तुटतं. तिथे 'पर डिव्हाइस'च घ्यावं लागतं. रजिस्ट्रीतून सवलतीची नोंद पुसून दिवस वाढवायचा प्रकार लायसन्सच्या अटी मोडतो. तो करू नका.

खिडकीची फुली दाबली म्हणजे लॉगऑफ नव्हे. सेशन नुसतं डिस्कनेक्ट होतं, आत सगळे प्रोग्रॅम चालू राहतात, रॅम अडकते आणि फाइली लॉक राहतात. 'सर्व्हर स्लो झाला' म्हणून मोठं मशीन घ्यायच्या आधी टास्क मॅनेजरच्या यूझर्स टॅबमध्ये किती सेशन 'डिस्कनेक्टेड' पडली आहेत ते मोजा. ग्रुप पॉलिसीत डिस्कनेक्ट झालेल्या सेशनची मुदत ठरवा. दोन-तीन तास पुरतात. त्यापेक्षा कमी नको, कारण मुदत संपली की सेव्ह न केलेलं काम जातं. लोकांना हे आधी सांगा.

अ‍ॅझ्युअरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) विंडोजच्या आतून शटडाउन केलं तर मशीन 'स्टॉप्ड' दिसतं, पण बिल चालूच राहतं. पोर्टलवरून थांबवून 'स्टॉप्ड (डीअ‍ॅलोकेटेड)' झालं का ते बघा. तरीही डिस्कचे पैसे लागतातच.

त्याच मशीनवरचा टेंपररी ड्राइव्ह, बहुधा डी, डेटा ठेवायला नाही. मशीन डीअ‍ॅलोकेट झालं की तिथलं सगळं जातं.

स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) त्याच खात्यात पडलेला असेल तर त्याला बॅकअप म्हणू नका.

आणि लांबच्या सर्व्हरचं फायरवॉल बदलताना स्वतःचीच वाट बंद करू नका. आधी 'नेटश अ‍ॅडव्हफायरवॉल एक्सपोर्ट'ने सध्याचे नियम फाइलमध्ये काढा. मग तीच फाइल १५ मिनिटांनी इंपोर्ट करणारं शेड्यूल्ड टास्क लावा, आणि ते सिस्टिम खात्यावर लावा, म्हणजे लॉगिन नसतानाही चालेल. यानंतर बदल करा. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या मशीनवरून नवी जोडणी करून बघा. झाली तर टास्क काढून टाका. नाही झाली तर १५ मिनिटं थांबा, जुने नियम आपोआप परत येतील.