लिथुआनियातली संग्रहालयं आणि किल्ले : या चुका टाळा

लिथुआनियात फिरायला गेलेल्यांची सर्वात जास्त निराशा होते ती बंद दारापुढे. ठिकाणं नकाशावर जवळजवळ दिसतात, म्हणून लोक अंतर बघून बेत आखतात. आधी वार बघा, मग अंतर.

बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, काही मंगळवारी. राजधानी विल्न्युसमधलं 'मो' हे आधुनिक कलेचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. दारावरच्या पाटीवर वारांची नावं बहुधा नसतात, रोमन आकडे असतात: एक म्हणजे सोमवार, सात म्हणजे रविवार. रोमन दोन ते सात लिहिलं असेल तर ते मंगळवार ते रविवार. नवखा माणूस त्यालाच वेळ समजून बसतो. वेळ शेजारी साध्या आकड्यांत असते. 'नेदिर्बा' म्हणजे बंद. तिकीटखिडकीला 'कासा' म्हणतात आणि ती बऱ्याच ठिकाणी अर्धा ते एक तास आधीच मिटते. १६ फेब्रुवारी, ११ मार्च आणि ६ जुलै हे राष्ट्रीय दिवस, त्यांच्या आदल्या दिवशीही वेळ अनेकदा तासाभराने कमी असते.

मोठी सॅक आणि जाड कोट 'रुबिने'त, म्हणजे सामानघरात, ठेवायला सांगतात. पासपोर्ट आणि पैसे आधीच खिशात काढून घ्या.

विल्न्युसमध्ये केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या, जुन्या इमारतीत 'परकीय ताबा आणि स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय' आहे. लोक थेट तळघरातल्या कोठड्यांकडे धावतात आणि मग वरचे मजले उरकून टाकतात. क्रम उलटा ठेवा. वर हद्दपारी आणि जंगलातल्या सशस्त्र लढ्याची माहिती आहे. ती वाचल्याशिवाय खालच्या अरुंद कोठड्यांमागची माणसं कळत नाहीत. दोन तास तरी हातात ठेवा. लहान मुलांना तळघर झेपणार नाही. बाहेर पडल्यावर भिंतीचे दगड जवळून बघा: मारल्या गेलेल्यांची नावं आणि सालं त्यांत कोरली आहेत. ती न बघताच पुष्कळजण निघून जातात, याचं फार वाईट वाटतं.

त्राकाय या गावाला विल्न्युसहून रेल्वे आणि बस दोन्ही जातात. चूक होते ती उतरल्यावर. गाल्वे सरोवरातला किल्ला स्टेशनपासून सुमारे अडीच किलोमीटरवर आहे, म्हणजे चालत अर्धा तास धरा. वाटेत द्वीपकल्पावरच्या दुसऱ्या, पडक्या किल्ल्याचे अवशेष लागतात, तिथेच थांबू नका. बेटावर जायला लाकडी पूल आहेत आणि आत अरुंद जिने. पाण्यावरून गार वारा येतो, तेव्हा उन्हाळ्यातही एक जाकीट जवळ असू द्या. किल्ला विसाव्या शतकात बराचसा नव्याने बांधला आहे, हे लक्षात ठेवून भिंती बघा.

शाउलेई शहराजवळच्या क्रुसांच्या टेकडीला तिकीट नाही आणि दारही नाही, तरी इथे लोक अडकतात. शाउलेईहून योनिश्किसच्या दिशेची बस घेऊन दोमांताय थांब्यावर उतरा, तिथून दोन किलोमीटर चाला. बस तासातासाला असेल असं गृहीत धरू नका. शाउलेईच्या बसस्थानकावरच परतीच्या वेळा विचारून टिपून घ्या आणि चढताना चालकाला 'दोमांताय' सांगून ठेवा.