चरबी गोठवून घेताना: आधीची आणि नंतरची तयारी

पोटावरची चरबी मशीनने गोठवून कमी करायची ट्रीटमेंट (क्रायोलिपोलिसिस) घेणार असाल, तर आधी फोटो. ट्रीटमेंटच्या आदल्या दिवशी समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. उजेड तोच, फोन तेवढ्याच अंतरावर आणि पोट आत न ओढता. बेंबीच्या 5 सेंटिमीटर खाली टेप लावून घेर लिहून ठेवा, शेजारी त्या दिवशीचं वजन. ‘क्लिनिकवाले काढतातच की’ म्हणून हे सोडायचं नाही. ते फोटो त्यांच्या फाईलमध्ये राहतात, आणि तीन महिन्यांनी ‘होतं तसंच आहे’ की ‘वाढलंय’ हा वाद घालायला तुमच्या हातात काहीच नसतं.

सैल कपडे, पोटभर जेवण वगैरे कळतंच. डॉक्टरांना हर्निया, त्या जागेवरची जुनी शस्त्रक्रिया आणि गारठ्याने अंगावर पित्त उठत असेल तर तेही सांगा. क्रायोग्लोब्युलिनेमिया किंवा कोल्ड अ‍ॅग्लुटिनिनचा आजार (दोन्हींत गारठ्याने रक्तात बिघाड होतो) असेल तर ही ट्रीटमेंट नाहीच घ्यायची. कुठला अ‍ॅप्लिकेटर (मशीनचा कातडीवर लावायचा थंड भाग) कुठे लावला, किती वेळ, हे लिहून मागा. फोटो काढले ना?

एका जागेला साधारण 35 मिनिटं ते एक तास. सुरुवातीची ओढ आणि बोचरा गारठा थोड्या वेळात बधीर होतो. कातडी आणि अ‍ॅप्लिकेटरच्या मधे ठेवलेल्या जेल पॅडला सुरकुती नको, तो सरकायलाही नको. उघडी राहिलेली कातडी हिमदंशाने जळते. बधीर व्हायच्या ऐवजी जळजळ वाढत गेली तर भिडेखातर गप्प बसू नका, मशीन थांबवायला लावा. अ‍ॅप्लिकेटर निघाला की खाली गोठलेल्या लोण्यासारखा गोळा असतो, तो दोनेक मिनिटं चोळतात. चांगलाच दुखतो.

लाली त्याच दिवशी ओसरते, सूज आणि काळंनिळं पडणं आठवडा-दोन आठवडे. बधीरपणा कित्येक आठवडे राहू शकतो, म्हणून त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी मुळीच नको: भाजलेलं कळतच नाही. ज्याची कुणी कल्पना देत नाही ते दुखणं उशिरा येतं. पहिले दोन-तीन दिवस बरे जातात आणि मग शॉक बसल्यासारख्या कळा सुरू होतात, रात्री जास्त. पहिल्या दोन आठवड्यांत लांबचा प्रवास ठरवू नका आणि वेदनेवर कोणती गोळी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा. फोड, काळी पडणारी कातडी, ताप: त्याच दिवशी डॉक्टर.

आता फोटो कशासाठी ते. क्वचित चरबी कमी होण्याऐवजी वाढते. त्याला पॅराडॉक्सिकल अ‍ॅडिपोज हायपरप्लेशिया म्हणतात. दोन ते पाच महिन्यांनी अ‍ॅप्लिकेटरच्याच आकाराचा घट्ट, न दुखणारा उंचवटा दिसायला लागतो. वजनकाट्यावर कळत नाही, आरशात रोज बघणाऱ्यालाही नाही; जुन्या फोटोशेजारी नवा ठेवला की लगेच कळतं. तो आपोआप जात नाही, पुन्हा गोठवूनही नाही. बहुतेकदा लायपोसक्शन (चरबी ओढून काढायची शस्त्रक्रिया) लागतं, तेही उंचवटा मऊ पडेपर्यंत काही महिने थांबून.

फरक दिसतो तो दोन-तीन महिन्यांनी, चरबीच्या त्या थराच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका. व्यायाम झेपेल तसा. चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला टेप आणि फोटो, त्याच जागी. सहाव्या महिन्यालाही एक.