रिगाची बिअर चाखायची कशी : चार बाटल्या आणि एक धुतलेला ग्लास

लाटव्हियाच्या राजधानीत, रिगातल्या कुठल्याही सुपरमार्केटात बिअरच्या फळीसमोर उभं राहा, आल्दारिसचं नाव दिसणारच. लाटव्हियन भाषेत ‘आल्दारिस’ म्हणजे बिअर बनवणारा. 1865 मध्ये योआखिम डाउडरने हा कारखाना काढला तेव्हा त्याचं नाव जर्मन होतं, वाल्डश्लोसशेन. लाटव्हियन नाव 1937 मध्ये आलं. आज मालकी कार्ल्सबर्गची. छत्रपती संभाजीनगरात कारखाना असलेली तीच डॅनिश कंपनी. एवढं कळलं की छोट्या कारखान्यांच्या ‘क्राफ्ट’ बिअरचे भक्त असलेले मित्र नाक मुरडतात: ‘असली बिअर प्यायची असते, चाखायची नसते.’ मला हे अजिबात पटत नाही. वर्षभर तीच साधी लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर, त्याच चवीची काढणं म्हणजे रोज शंभर पानांना एकसारखा वरणभात वाढण्यासारखं आहे. मसाला नाही, त्यामुळे चूक लपवायला जागाच नाही.

सुरुवात खरेदीपासून. एकाच फिक्या लागरच्या दोन बाटल्या, दुसऱ्या एखाद्या फिक्या लागरची एक, आणि आल्दारिसची ‘पोर्तेरिस’, म्हणजे पोर्टर नावाची कडक, काळी बिअर, एक. लेबलवर ‘गाइशाइस’ म्हणजे फिकी, ‘तुम्शाइस’ म्हणजे गडद, ‘नेफिल्त्रेत्स’ म्हणजे न गाळलेली. दशांशाच्या जागी तिथे स्वल्पविराम छापतात, म्हणून पोर्तेरिसवरचं 6,8 हे सहा पूर्णांक आठ दशांश टक्के अल्कोहोल. तारीख बघा, लागर जितकी ताजी तितकी बरी. हिरवी बाटली असेल तर फळीच्या मागच्या अंधारातली काढा. उजेडाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) द्रव्यं तुटतात आणि गॅस सिलिंडर गळल्यावर नाकात शिरतो तसला वास येतो. ही नुसती उपमा नाही, दोन्हीकडे गंधकाची एकाच कुळातली संयुगं असतात. तपकिरी बाटली बरंच वाचवते, कॅनमध्ये हा प्रश्नच नाही.

आता ग्लास. इथे मी तोंडावर आपटलोय. पाहुण्यांसमोर ऐटीत बिअर ओतली, फेस बघता बघता बसला, आणि मी बिअरलाच नावं ठेवली. नंतर आठवलं, आदल्या दिवशी त्याच ग्लासातून ताक प्यायलो होतो. स्निग्धांश आणि साबण, दोन्ही फेसाचे वैरी. ग्लास धुऊन पाण्याने नुसता ओला करा: पाणी सपाट पसरलं तर स्वच्छ, थेंब थेंब धरून राहिलं तर पुन्हा घासा. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका, बर्फाळ काचेत वास मरतो. लागर 6 ते 8 अंशांवर प्यावी. पोर्तेरिस अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढून ठेवा, तिला 10 ते 13 अंश मानवतात.

ग्लास तिरका धरून निम्मा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं फेस हवाच. 100 मिली पुरे. आधी हुंगा, कारण पहिला वास दोन-तीन श्वासांत नाकाला सवयीचा होतो. मग घोट तोंडभर फिरवून गिळा आणि नाकाने श्वास सोडा. वाइनसारखा थुंकू नका. शेवटचा कडवटपणा गिळल्यावरच नीट कळतो.

फिक्या लागरमध्ये ‘काय आहे’पेक्षा ‘काय नको’ ते शोधा. उकडलेल्या मक्याच्या कणसाचं पाणी, थिएटरातल्या पॉपकॉर्नचं लोणी, हिरवं सफरचंद, ओला पुठ्ठा. शेवटचा वास शिळेपणाचा असतो, त्याचा दोष बहुतेक वेळा साठवणीकडे जातो. यातलं काही नसेल, पावाच्या मऊ गरासारखा धान्याचा वास असेल आणि गोडवा संपता संपता कडवट कोरडेपणा येत असेल, तर काम चोख झालंय. अशा बिअरला खुशाल चांगले गुण द्या.

मग स्वतःची परीक्षा. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा: दोनांत एकच लागर, तिसऱ्यात दुसरी. तुम्ही पाठ फिरवून बसायचं आणि वेगळा ग्लास ओळखायचा. तीनातून एकदा तर तो नुसत्या अंदाजानेही सापडतो, म्हणून खेळ चार-पाच वेळा करा. माझा पहिला निकाल सांगण्यासारखा नाही.

पोर्तेरिसला मात्र वेळ द्या. इंग्लंडहून बाल्टिक समुद्रामार्गे रशियाकडे कडक, काळ्या बिअरी जायच्या. पुढे या किनाऱ्यावरचे लोक तशाच स्वतः करू लागले, पण बहुतेकांनी लागरचं यीस्ट वापरून थंडाव्यात आंबवल्या. म्हणून ही बाल्टिक पोर्टर जड असूनही घशाखाली गुळगुळीत उतरते. ग्लास खिडकीसमोर धरा: काळी वाटणारी बिअर कडेला आगळासारखी लालसर दिसते. काकवी, खारीक, भाकरीचा किंचित करपलेला काठ, असले वास शोधा. थोडी पिऊन ग्लास 20 मिनिटं तसाच ठेवा आणि पुन्हा हुंगा. गार असताना गप्प बसलेली काकवी आता पुढे येते. छातीत ऊब जाणवली तर ठीक, नेलपॉलिशसारखा झणका आला तर गुण कापा.

मधे पाणी आणि साधी राय पावाची चकती. लसणीचा चिवडा नंतर. लाटव्हियात मध्यउन्हाळ्याच्या ‘यानी’ सणाला बिअरसोबत ओव्यासारख्या चवीच्या शहाजिऱ्याचं चीज खातात. ते आणि पोर्तेरिस एकदा जमवून बघा.

रिकाम्या बाटल्या फेकू नका, कॅन चेपू नका. लाटव्हियात दुकानातल्या यंत्राला बारकोड वाचता आला तर नगाला 10 सेंट परत मिळतात.