सीटी स्कॅन नॉर्मल आला, तिथेच मी चुकले

मी कबड्डीत उजव्या कोपऱ्यात खेळायचे. घोटा पकडणं हे माझं काम, आणि ते मला चांगलं जमत होतं. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात मुलगी कबड्डी खेळते म्हटल्यावर घरी काय ऐकावं लागतं, पहाटे पुळणीवर धावताना कोण काय बोलतं, हे नव्याने खेळायला लागलेल्यांना मी सांगायला नको. वयाचा दाखला, ६५ किलोच्या आत वजन, निवड चाचणी, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, हेही तुम्हाला पाठ असेल. मी लिहितेय ते डोक्याला लागण्याबद्दल. त्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि अठराव्या वर्षी माझा खेळ त्यातच थांबला.

जानेवारीतली रात्रीची मॅच होती, मातीवरची. चढाईला आलेली समोरची मुलगी बोनसला, म्हणजे जादा गुणाच्या रेषेपलीकडे, पाय टाकतेय हे बघून मी झेपावले. तिचा गुडघा वर आला आणि माझ्या कानशिलावर बसला. मी पडले, उठले, केस बांधले. पंचांनी विचारलं, "खेळणार?" मी हो म्हटलं. त्यानंतर मी थेट डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. आमच्या कव्हरने, म्हणजे बचावातल्या जोडीदारणीने, दंडाला धरून मला उजवीकडे आणलं. यातलं मला काहीही आठवत नाही, मोबाईलवर कुणीतरी काढलेल्या व्हिडिओत नंतर पाहिलं. उत्तरार्धात माझी एक पकड आहे, टाळ्या पडल्यात. तीही आठवत नाही.

आपली जागा विसरणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, स्कोअर न आठवणं, पाय डगमगणं, नजर शून्यात लागणं. मेंदूला हादरा बसल्याच्या या खुणा आहेत. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. बहुतेक वेळा कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही. आणि मैदानावर सगळे बघतात ते मात्र एवढंच, की शुद्ध हरपली का.

घरी येताना वडापमध्ये उलटी झाली. आईने दृष्ट काढली. सकाळी बाबा चिपळूणला घेऊन गेले, सीटी स्कॅन झाला आणि नॉर्मल आला. बाबांचे डोळे भरून आले. येताना आम्ही पेढे घेतले.

आता नीट वाचा, कारण माझं सगळं इथे बिघडलं. सीटी स्कॅन कवटी फुटलीय का, आत रक्त साकळलंय का, हे दाखवतो. ते बघणं फार महत्त्वाचं आहे. क्रिकेटपटू रमण लांबा यांना फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगवर हेल्मेट न घालता उभं असताना कपाळावर चेंडू लागला. ते स्वतः चालत बाहेर गेले आणि तीन दिवसांनी वारले. म्हणून शंका आली तर दवाखान्यात जायचंच, त्यात आळस नको. पण स्कॅन नॉर्मल येणं याचा अर्थ एवढाच, की रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसत नाही. कन्कशन त्यात दिसत नाही. कन्कशन झालेल्या बहुतेकांचा स्कॅन नॉर्मलच येतो.

मला हे समजलं ते निसर्ग वादळामुळे. ३ जून २०२० ला ते आलं, आमचं घर पडलं नाही, उभंच राहिलं. दुसऱ्या दिवशी घराचा फोटो काढला असता तर भिंती जागेवर, दार जागेवर, सगळं ठीक दिसलं असतं. पण पुढे कित्येक आठवडे त्या घरात वीज नव्हती. सीटी म्हणजे घराचा फोटो. वीज आहे की नाही ते फोटोत कसं कळणार? हादऱ्यानंतर मेंदूच्या पेशींमधला क्षारांचा ताळमेळ बिघडतो, तो पुन्हा बसवायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. दिवस जाऊ दिले की हे बहुतेकांचं आपोआप भरून येतं. तेवढे दिवस दुसरा हादरा बसता कामा नये.

मला बसला. सहाव्या दिवशी जिल्ह्याची निवड चाचणी होती. डोकं दुखत होतं, उन्हात डोळे उघडवत नव्हते, आणि मी दोन गोळ्या घेऊन गेले. सरांनी विचारलं, "डोकं कसं आहे?" मी म्हटलं, "सीटी नॉर्मल आहे." बघा, प्रश्न एक होता आणि मी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं. सर खूश झाले. चाचणीत एका डॅशमध्ये (धक्का देऊन बाहेर ढकलण्याच्या डावात) मी लॉबीच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याच्या, बाहेर फेकले गेले, पाठीवर पडले. डोकं मॅटला लागलंसुद्धा नाही, फक्त मानेला जोरात हिसका बसला. मेंदू हलायला तेवढं पुरतं.

पुढचे सात महिने मी ओळ वाचली की मागची ओळ विसरायचे. ट्यूबलाइट सहन होत नव्हती. शिमग्यात पालखी दारात आली, ढोल वाजले, आणि मी आतल्या खोलीत कानांवर उशी दाबून रडत होते. आईवर ओरडायचे, मग आपण का ओरडलो ते कळायचं नाही. लोक म्हणायचे, दिसायला तर बरी आहे. मुंबईला न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की अंगाला अंग भिडणारा खेळ आता नको. त्यांनी हेही सांगितलं की मी थोडक्यात वाचले: पहिली जखम भरायच्या आत दुसरा मार बसून मेंदूला एकदम सूज येते आणि जीव जातो, असं क्वचित होतं, आणि होतं ते बहुतेक कोवळ्या वयातल्या खेळाडूंना.

घाबरवायला लिहीत नाहीये. घाबरून खेळ सोडलात तर मला फार वाईट वाटेल. बहुतेक मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत आणि तुमच्या वयाची मुलं महिनाभरात बरी होतात, पूर्ण बरी होतात, पुन्हा पकडी करतात. दर वर्षी करतात. माझं जे झालं ते हादऱ्यापेक्षा सहाव्या दिवशीच्या खोटेपणामुळे झालं, असं मी मानते.

मग करायचं काय? लागलं आणि शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. "पाच मिनिटं बसते आणि येते" हेसुद्धा नाही. आयसीसीला कन्कशनसाठी बदली खेळाडूचा नियम २०१९ मध्ये आणावा लागला, कारण तिथे बदली खेळाडूला बॅटिंग-बोलिंग करता येत नसे. आपल्याकडे बाकावर ५ राखीव बसलेले असतात. पहिले काही तास त्या मुलाला किंवा मुलीला एकटं सोडायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणं, एकाचे दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, झटका, गुंगी वाढत जाणं, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढायची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नका. मला गोळ्यांचा राग आहे. दुखणं दाबून मॅटवर उतरवणारी प्रत्येक गोळी मला चोरवाट वाटते.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमीत कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडे काढायचे हा सल्ला आता जुना झालाय. त्यानंतर चालायला लागायचं, डोकं थोडं जड झालं आणि तासाभरात हलकं झालं तर चालेल. मग पुळणीवर हलकं धावणं. मग एकटीने पदन्यास, वळणं. मग साखळीचा, म्हणजे हात धरून बचाव करण्याचा, सराव, पण कुणी कुणाला भिडायचं नाही. इथवर आल्यावर लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांचा होकार हवा, तोही "खेळू का?" असं स्पष्ट विचारून. त्यानंतरच पकडीचा सराव, आणि शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, त्रास वाढला तर एक पायरी मागे. आणि हो, आधी कॉलेज, मग मैदान. पुस्तक वाचवत नसेल तर चढाई वाचता येणार नाही.

हेडगार्डबद्दल मुलं विचारतात. हेल्मेट कवटी वाचवतं, आतल्या मेंदूचं हलणं थांबवत नाही. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्हस्की हेल्मेट घालूनच खेळायचा. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध स्वतःच्या पहिल्याच कसोटीत ६२ धावा केल्या त्याने. ती एकच कसोटी झाली. डोक्याला वारंवार मार बसल्यामुळे २०२५ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, त्याला थांबावं लागलं.

सरांबद्दल एक सांगते, पटलं तर घ्या. जे सर तुम्हाला एकदाही बाकावर बसवत नाहीत त्यांच्याकडे जपून राहा. आणि स्पर्धेच्या आठवड्यातच फोन करणारे मोठे खेळाडू, ते तुमचे गुरू नव्हेत. माझ्या सात महिन्यांत एक निवृत्त शाळामास्तर दर रविवारी यायचे, ओसरीवर बसायचे, मला दोन पानं वाचून दाखवायचे. त्यांना कबड्डीतलं काही कळत नाही. मी त्यांना गुरू मानते.

खेळ सुटला तरी मैदान सुटत नाही. मी पंच परीक्षा दिली. बीपीएड ही शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षण कोर्स आहे. पण हे दुसरं आयुष्य लगेच गोड लागेल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कोपऱ्यातली मुलगी झेपावली की माझे हात अजून आपोआप पुढे जातात.

गेल्या फेब्रुवारीत एका मॅचला मी पंच होते. दोन कव्हरची डोकी आपटली. एक उठली, हसली, म्हणाली, "ताई, काही नाही झालं." मी विचारलं, स्कोअर किती? तिने सांगितला, चुकीचा. मग तिनेच मला विचारलं, "ताई, स्कोअर किती झाला?" अर्ध्या मिनिटाने परत विचारलं. मी वेळ थांबवली, तिच्या सरांना बदली खेळाडू पाठवायला सांगितलं. ते चिडले, आठ मिनिटं उरली होती आणि चार गुणांची पिछाडी होती. त्यांचा संघ हरला. मॅच संपल्यावर ती मुलगी माझ्याशी बोलली नाही.

तिचा स्कॅनही नॉर्मल आला. तिच्या आईला फोनवर मी वादळातल्या घराची गोष्ट सांगितली, दोनदा सांगितली. तेविसाव्या दिवशी तिने कर्द्याच्या पुळणीवर धावतानाचा व्हिडिओ पाठवला, आणि खाली विचारलं, "उद्या साखळी करू का?" मी लिहिलं, आज रात्री डोकं कसं राहतं ते बघ आणि सकाळी सांग. सकाळी सहालाच तिचा फोन आला.