किमोनंतर ‘काउंट वाढवायचं इंजेक्शन’ घरी देताना

डे-केअरमधून घरी निघताना नातेवाइकांच्या हातात फिलग्रास्टिमच्या सिरिंज दिल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, आजच एक देऊन टाकू का?" नाही. किमोचं औषध संपल्यापासून निदान २४ तास थांबायचं. हे मी प्रत्येकाला कारणासकट सांगते, कारण नुसता नियम सांगितला की घाईत तो मोडला जातो.

फिलग्रास्टिम म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेलं जी-सीएसएफ, पांढऱ्या पेशी वाढवणारं प्रथिन. हे प्रथिन आपलं शरीर स्वतःही बनवतं. हाडांच्या आतल्या मज्जेतल्या कोवळ्या पेशींवर त्याचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी जागा, असते. प्रथिन त्यावर बसलं की निरोप पेशीच्या आत केंद्रकापर्यंत जातो, पेशी भराभर विभागते आणि तिची न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, होते. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवते, कारण रक्तात आल्यावर ही पेशी जेमतेम काही तास टिकते. आता किमो नेमकी विभागणाऱ्या पेशींना मारते. औषध अंगात असतानाच इंजेक्शन दिलंत, तर ज्या पेशींना तुम्ही विभागायला लावलं त्याच बळी पडतील. म्हणून पुढच्या किमोच्या आधीच्या २४ तासांतही हे इंजेक्शन नको. तीन आठवड्यांच्या किमोत एकदाच द्यायचं पेगफिलग्रास्टिम वेगळं. ते बरेच दिवस अंगात राहतं, त्यामुळे पुढच्या किमोआधी १४ दिवसांचं अंतर लागतं.

डोनाल्ड मेटकाफ या शास्त्रज्ञांनी मेलबर्नमध्ये १९६० च्या दशकात मज्जेच्या पेशी अगर नावाच्या जेलीत वाढवून अशा प्रथिनांचा माग काढायला सुरुवात केली. फिलग्रास्टिमला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९१ साली. मेटकाफ यांच्याबद्दल मला फार आदर आहे. ताप येऊन दाखल होणारे कितीतरी पेशंट या औषधामुळे घरीच राहतात.

सिरिंज फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा. फ्रीझरमध्ये नको, दारातही नको, मधल्या कप्प्यात. एसटीने गावी नेणार असाल तर थर्मासमध्ये बर्फ घ्या, पण सिरिंज कागदात गुंडाळून, बर्फाला थेट टेकू न देता. द्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. गरम पाण्यात धरू नका, हलवू नका. औषध गढूळ दिसलं तर वापरू नका.

हात साबणाने धुवा. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून किंवा मांडीच्या वरच्या बाहेरच्या बाजूला द्या, रोज जागा बदला. स्पिरिट पूर्ण सुकू द्या, नाहीतर झोंबतं. कातडीची चिमूट धरून सुई घाला, औषध सावकाश सोडा, नंतर चोळू नका. पहिलं इंजेक्शन आमच्यासमोर देऊन दाखवा असा माझा आग्रह असतो. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका आणि बरणी पुढच्या वेळी आमच्याकडे आणा.

कंबर, पाठ, छातीचं मधलं हाड ठणकेल. मज्जा तिथेच कामाला लागलेली असते. पॅरासिटॅमॉल डॉक्टरांना विचारून द्या, पण आधी थर्मामीटर लावा, कारण गोळीने ताप झाकला जातो. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली, धाप लागली, तरीही लगेच निघा. अशी कळ म्हणजे प्लीहेला (पोटात डावीकडे बरगडीखालच्या अवयवाला) धोका असू शकतो.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, नुसता डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा) पाहू नका, त्यात न्यूट्रोफिल किती ते काढा. एका काकूंचा डब्ल्यूबीसी होता १८००, न्यूट्रोफिल २२ टक्के. १८०० चे २२ टक्के म्हणजे ३९६. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली म्हणजे संसर्गाचा मोठा धोका. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट मात्र या इंजेक्शनने वाढणार नाहीत. लाल पेशींचा निरोप मूत्रपिंडातून येतो, एरिथ्रोपोएटिनचा. प्लेटलेटचा मुख्यतः यकृतातून, थ्रोम्बोपोएटिनचा.

पहिल्या एक-दोन दिवसांत काउंट एकदम चढलेला दिसतो. तो मज्जेतला तयार साठा बाहेर आलेला असतो, नंतर आकडा पुन्हा उतरतो. म्हणून तेवढ्यावर इंजेक्शन बंद करू नका, डॉक्टर सांगतील तितके दिवस द्या. कोर्स संपल्यावर काउंट एक-दोन दिवसांत निम्म्यावर येतो, ते अपेक्षितच आहे. त्यासाठी मेडिकलमधून स्वतःहून आणखी एक सिरिंज आणू नका, पुढच्या किमोआधी सीबीसी होणारच असते.