स्वस्त एसएसडी घेताय? आधी संगणकाचं झाकण उघडा

घरचा संगणक सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होत असेल आणि आत अजून हार्ड डिस्क असेल, तर नवा संगणक घ्यायची घाई करू नका. एसएसडी बसवा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी मेमरीच्या चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह. घरचे, नातेवाइकांचे आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे मिळून पन्नासेक संगणक मी असे सुधारले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना सर्वांत स्वस्त गटातली एसएसडी पुरली आहे.

कारण सोपं आहे. फिरत्या तबकडीवर हव्या त्या जागी पोहोचायला हार्ड डिस्कला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने तेच काम एक दशांश मिलिसेकंदात होतं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली वाचल्या जातात, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. ही उडी कोणत्याही बऱ्या एसएसडीने मिळते. खोक्यावर छापलेला ‘७००० एमबी प्रति सेकंद’ हा आकडा मोठमोठ्या फायली हलवणाऱ्यांसाठी आहे. बिलं, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास यांसाठी त्याचे जास्त पैसे मोजायला कोणी सांगत असेल, तर ऐकू नका.

रुपयांतले भाव इथे मुद्दाम देत नाही. एसएसडीत वापरतात त्या फ्लॅश मेमरीचे भाव २०२३मध्ये चांगलेच उतरले होते, नंतर पुन्हा चढले. ज्या दिवशी घ्यायचं त्या दिवशी तीन ठिकाणी विचारा.

१. क्षमता ठरवा

५०० जीबी घ्या. विंडोजमध्ये ती ४६५ दिसेल. ती फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो जुन्या हार्ड डिस्कवरच राहू द्या.

२. कोणती जोडणी आहे ते शोधा

लोकांचे पैसे वाया जातात ते इथे. माझेही गेले आहेत.

तुमचा संगणक २०१४च्या आधीचा असेल तर निर्णय झालाच आहे: अडीच इंची सॅटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी. हार्ड डिस्कच्याच दोन वायरी तिला लागतात, वेग ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास मिळतो आणि ती न चालण्याचं कारण सहसा उरत नाही. जुन्या डेस्कटॉपवर अडॅप्टर कार्ड लावून एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेस या जास्त वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडी) बसवायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसते, पण बायॉसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) ती ओळखू येत नाही, म्हणून तिच्यावरून संगणक सुरूच होत नाही. इंटेलच्या बाजूला एनव्हीएमईवरून संगणक सुरू व्हायची सोय ९-मालिकेच्या चिपसेटपासून (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपपासून), म्हणजे २०१४पासून यायला लागली, तीही अनेक बोर्डांवर बायॉस अपडेट केल्यावर.

त्यानंतरच्या संगणकांत बहुधा एम.२ स्लॉट असतो, च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी बसते तो. नीट लक्षात ठेवा: एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. त्या एकाच आकारात दोन वेगळ्या जातीच्या ड्राइव्ह विकल्या जातात. एक सॅटावर बोलते, दुसरी एनव्हीएमईवर. काही स्लॉट दोन्ही ओळखतात, काही फक्त एनव्हीएमई, तर काही फक्त सॅटा.

मी ताईच्या लॅपटॉपसाठी एम.२ सॅटा ड्राइव्ह आणली होती, चार पैसे वाचत होते म्हणून. ती स्लॉटमध्ये अलगद गेली, स्क्रूही नीट बसला. बायॉसमध्ये मात्र काहीच दिसेना. दोन संध्याकाळी मी ती काढत-घालत होतो, बायॉस अपडेट केला, शेवटी ड्राइव्हच खराब निघाली असं समजून दुकानातून बदलून आणली. दुसरीही दिसेना. तिसऱ्या दिवशी त्या लॅपटॉपची सर्व्हिस मॅन्युअल उघडली, तर स्टोरेजच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलं होतं की स्लॉट फक्त पीसीआय एक्सप्रेसचा आहे, म्हणजे फक्त एनव्हीएमईचा. पाकीट फोडलेलं, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. ताईने पंधरा दिवस ऑफिसचं काम फोनवर केलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

या गोंधळाचं मूळ खाचांत आहे. एम.२ सॅटा ड्राइव्हच्या सोनेरी टोकाला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला सहसा एक. ‘खाचा मोजा आणि घ्या’ हा सल्ला यावरूनच आला आहे, आणि तो अर्धवट आहे. दोन खाचांची ड्राइव्ह एनव्हीएमईच्या स्लॉटमध्येही बसते, फक्त चालत नाही. शिवाय दोन खाचा असलेल्या काही एनव्हीएमई ड्राइव्हही बाजारात येऊन गेल्या आहेत. बसली म्हणजे चालेल, हे इथे खरं नाही.

म्हणून खरेदीआधी असं करा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. तिथे बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर मदरबोर्डचं मॉडेल दिसेल. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची मॅन्युअल उतरवून स्टोरेजचा भाग वाचा. सॅटा मोड आणि पीसीआय एक्सप्रेस मोड असे दोन्ही शब्द असतील तर काहीही चालेल, एकच असेल तर तेवढंच चालेल. लॅपटॉप असेल तर तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. एकाच नावाच्या मालिकेत आतले बोर्ड वेगळे निघतात, त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या अशाच लॅपटॉपमध्ये चालली’ याला काही अर्थ नाही.

मॅन्युअल उघडलीच आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. पहिली लांबी. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. डेस्कटॉपमध्ये बहुधा हीच लागते, पण पातळ लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० असू शकते आणि तिथे लांब ड्राइव्ह मावतच नाही. दुसरी बारीक अक्षरांतली तळटीप: एम.२ स्लॉट वापरला की काही बोर्डांवर सॅटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. नवी एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली, असं घाबरून सांगणारे फोन मला येतात. वायर दुसऱ्या पोर्टला लावली की डिस्क परत दिसते.

स्लॉट पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा आणि ड्राइव्ह चौथ्या पिढीची असेल तर ती चालते, फक्त ३५०० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास थांबते. भाव सारखा असेल तर खुशाल घ्या. जास्त असेल तर गरज नाही.

३. आतली मेमरी कोणती ते विचारा

टीएलसी आणि क्यूएलसी हे फ्लॅश मेमरीचे दोन प्रकार. टीएलसीमध्ये एका पेशीत तीन बिट ठेवतात, क्यूएलसीमध्ये चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिचा वेगवान राखीव भाग भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी मॉडेलसाठी कंपनीच्याच माहितीपत्रकात त्यानंतरचा वेग ८० एमबी प्रति सेकंद दिला आहे. चांगली हार्ड डिस्क याहून वेगाने लिहिते. रोजच्या कामात हे जाणवत नाही. शंभर-दीडशे जीबीचे व्हिडिओ एकदम हलवायला गेलात की जाणवतं. भावात थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्या.

दुसरा शब्द डीरॅम, म्हणजे कोणती माहिती कुठे ठेवली याची नोंद ठेवायला ड्राइव्हवरच असलेली वेगळी चिप. स्वस्त ड्राइव्हमध्ये ती बहुधा नसते. एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाची थोडी रॅम उसनी घेऊन निभावून नेतात, सॅटाला ती सोय नाही. म्हणून सॅटा घेत असाल तर डीरॅमवाल्या ड्राइव्हसाठी थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. एनव्हीएमईसाठी नका देऊ.

‘एसएसडी लवकर झिजते’ ही भीती मात्र मनातून काढा. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओच्या १ टीबी मॉडेलला ६०० टीबी लिहिण्याची हमी आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला साडेसात टीबीसुद्धा होत नाही.

४. नकली ड्राइव्ह टाळा

अनोळखी नावाची, अर्ध्याहून कमी भावातली २ टीबीची ड्राइव्ह घेऊ नका. अशांच्या आत कमी क्षमतेची मेमरी टाकून संगणकाला मोठा आकडा दाखवला जातो. तुम्ही भरत राहता आणि जुन्या फायलींवर नव्या लिहिल्या जातात. फोटो उघडायला जाता तेव्हा कळतं. नवी ड्राइव्ह हाती आली की रिकामी असतानाच एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. दोन-तीन तास जातील, जाऊ द्या.

५. बिल

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा घरबसल्या, जीएसटीचं बिल हवंच आणि त्यावर सीरियल नंबर हवाच. वॉरंटी तीन वर्षं की पाच, हे खोक्यावर नाही, कंपनीच्या साइटवर तपासा. बिनबिलाच्या सवलतीत काही अर्थ नाही.

६. बसवा

लॅपटॉपची बॅटरी आधी सोडवा. एम.२ ड्राइव्ह तिरकी घाला, खाली दाबा, स्क्रू हलकाच आवळा. तो बारीक स्क्रू दरवेळी ड्राइव्हसोबत येत नाही, खोकं उघडताच बघा. जुन्या संगणकात बायॉसमध्ये एएचसीआय मोड (सॅटा ड्राइव्ह चालवायची सेटिंग) आहे ना, ते विंडोज टाकण्याआधी पाहा. विंडोज नव्याने टाकलेलं बरं, क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवली, तरी चालतं.

जुनी हार्ड डिस्क महिनाभर तशीच ठेवा, पुसू नका. तिच्यावरचे फोटो आणखी एका ठिकाणी उतरवा. हार्ड डिस्क जाण्याआधी बरेचदा खडखड करते. एसएसडी बहुधा काहीच सांगत नाही, एका सकाळी ती दिसतच नाही.